ठणका, गाठ आणि ताप : बाळंतिणींची पत्रं

या वेळी अंगावर पाजताना होणाऱ्या दुखण्याची पत्रं एकत्र घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त गाव दिलं आहे. उत्तरं स्तनपान सल्लागार आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : बाळंतपणाला नऊ दिवस झाले. बाळ प्यायला लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. दोन्ही बोंड्यांना चिरा पडल्यात, उजवीतून काल रक्त आलं. सासूबाई म्हणतात, पहिलटकरणीला असं होतंच, महिन्याभरात कातडी घट्ट होते. तोवर सोसायचं का? (बार्शी)

उत्तर : सोसू नका. पहिल्या आठवड्यात बाळाने तोंडात धरल्यावर वीस-तीस सेकंद ओढ बसल्यासारखं दुखणं पुष्कळजणींना होतं. पण ते तेवढ्यातच ओसरायला हवं. पाजणं संपेपर्यंत दुखत राहिलं, चीर पडली, रक्त आलं, तर दोष कातडीचा नाही, बाळाची पकड उथळ आहे. बोंडीची कातडी महिन्याभरात घट्ट वगैरे होत नाही. ज्यांचं दुखणं महिन्याने थांबतं, त्यांच्या बाळाचं तोंड मोठं झालेलं असतं आणि त्याला धरता येऊ लागलेलं असतं.

पकड उथळ आहे का, हे घरीच कळतं. बाळाने सोडल्याबरोबर बोंडीकडे बघा. गोल, जराशी लांबट दिसली तर ठीक. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखी तिरकी चपटी झाली असेल, किंवा टोकावर आडवी पांढरी रेघ असेल, तर ती बाळाच्या टाळूवर चेपली जाते आहे. आपली जीभ टाळूवरून मागे नेऊन बघा. पुढे कडक लागतं, मागे मऊ. बाळाचंही तसंच. बोंडी त्या मऊ भागापर्यंत पोचली की दुखत नाही, पुढेच राहिली की जीभ तिला कडक टाळूवर रगडते.

आता बसण्याबद्दल. पलंगावर मांडी घालून बाळावर ओणवं होणं, ही आपल्याकडची नेहमीची चूक. पाठ भिंतीला टेका, मांडीवर उशी घ्या आणि बाळाला छातीच्या उंचीवर आणा. बाळाला गुंडाळलेलं दुपटं आधी सोडा. दुपट्यातल्या गाठोड्याचे हात मध्ये येतात आणि ते अंगाला चिकटून बसू शकत नाही. त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलं पाहिजे, मान वळवून प्यायला लागता कामा नये.

डावीकडे पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातावर घ्या. तळहात त्याच्या खांद्यांच्या मधोमध, अंगठा एका कानामागे, बाकीची बोटं दुसऱ्या कानामागे. डोकं मागून ढकलू नका, ढकललं की बाळ उलट मान मागे टाकतं. त्याचं नाक बोंडीसमोर ठेवा, तोंड नव्हे. बोंडीने वरचा ओठ हलकेच शिवा आणि थांबा. घाई नेमकी इथे होते. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं की त्याच क्षणी बाळाला पुढे आणा. हनुवटी आधी टेकू द्या, मग वरचा ओठ. नीट धरलं असेल तर बोंडीभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खाली जवळजवळ दिसत नाही. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले. गालाला खळी पडत असेल किंवा चक् चक् आवाज येत असेल तर पकड सुटते आहे.

दुखलं तर बाळाला ओढून काढू नका, चीर त्यानेच वाढते. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून दोन हिरड्यांच्या मध्ये सरकवा, हवा आत गेली की पकड सुटेल. मग पुन्हा धरवा. सुरुवातीला एका पाजण्यात चार-पाच वेळा असं करावं लागतं, वैतागू नका. सिझेरियन झालं असेल तर बाळाचं अंग काखेखालून मागे घेऊन धरा, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही.

चिरांवर पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावा आणि वाऱ्यावर वाळू द्या. शुद्ध लॅनोलिनचं मलम पातळसर लावलं तरी चालेल, ते पाजण्याआधी पुसावं लागत नाही. साबण, जंतुनाशक पाणी, हळद नको. थोडं रक्त बाळाच्या पोटात गेलं तर बाधत नाही, फार तर उलटीत लाल तंतू किंवा शीमध्ये काळपटपणा दिसेल. चिरेवर पिवळी खपली किंवा पू दिसला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

अगदीच सहन होत नसेल तर एखादा दिवस त्या बाजूचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. अंगठा आणि तर्जनी बोंडीपासून साधारण दोन बोटं मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत. बाळ ज्या वेळेला प्यायलं असतं त्या त्या वेळेला काढा, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा.

बाळाला पुरतंय का, हे लघवीवरून ओळखा. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, पिवळी पातळ शी, आणि दोन आठवड्यांत जन्माइतकं वजन परत. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. चौदाव्याची वाट न पाहता त्यांना बोलावून एक पाजणं समोर बसून बघायला सांगा. सगळं बरोबर असूनही दुखत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून बाळाच्या जिभेखालचा पडदा तपासून घ्या. तो आखूड असला तर जीभ पुढे येत नाही.

प्रश्न : बाळ तीन आठवड्यांचं आहे. काल रात्रीपासून डाव्या स्तनाचा बाहेरचा भाग लाल, गरम, दगडासारखा झालाय. हुडहुडी भरून १०२ ताप आला. मालीशवाल्या मावशी म्हणतात दूध साकळलंय, गरम तेल लावून गाठ फोडायला हवी. शेजारच्या काकू म्हणतात त्या बाजूचं पाजू नकोस, बाळाला बाधेल. (डोंबिवली)

उत्तर : दोन्ही सल्ले उलटे आहेत आणि दोन्ही नुकसान करतात.

आधी गाठीचं. नळीत दह्यासारखा गोळा अडकलाय आणि दाबला की तो बाहेर पडेल, अशी सगळ्यांची समजूत असते. तसा गोळा बहुधा नसतोच. स्तनाच्या त्या भागाला सूज आलेली असते आणि सुजेने बारीक नळ्या बाहेरून आवळल्या जातात. वरून जोर लावला की आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात, सूज वाढते आणि पू होण्याची वाट मोकळी होते. मुरगळून सुजलेला घोटा कुणी तेल लावून रगडत नाही, तसंच हे. मावशींना दुखावायचं नसेल तर पाय आणि पाठ त्यांच्या स्वाधीन करा, छातीला हात नाही. फार तर तुम्ही स्वतः बोंडीकडून काखेच्या आणि गळपट्टीच्या हाडाच्या दिशेने, मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तितका हलका हात फिरवा. त्याने सुजेचं पाणी वाहून जायला मदत होते.

गुरंढोरं असलेल्या घरांत याला ‘दगडी’ म्हणून सगळे ओळखतात आणि ‘कास रिकामी करत राहा’ हा सल्ला तोंडपाठ असतो. माणसांच्या बाबतीतही डॉक्टर बरीच वर्षं तेच सांगत आले : सारखं पाज, उरलेलं पंपाने काढ. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२२ मध्ये हा सल्ला बदलला. जास्त काढलं की शरीर जास्त दूध बनवतं आणि आधीच आवळलेल्या नळ्यांवर ताण वाढतो. म्हणून बाळाला भूक लागेल तेव्हा नेहमीसारखं, दोन्ही बाजूंनी पाजा. वरून पंप नको. बाळाने त्या बाजूला तोंडच लावलं नाही तर तटतटलेपण कमी होईल इतकंच हाताने काढा.

पाजणं मात्र एकदम बंद करू नका, तुंबून राहिलेल्या दुधाने पू होण्याची शक्यता वाढते. या दुधाने बाळाला संसर्ग होत नाही. सूज असताना दुधातलं सोडियम वाढतं आणि दूध किंचित खारट लागतं. बाळ त्या बाजूला कुरकुरलं तर कारण एवढंच.

शेक नव्हे, बर्फ. बर्फाचे खडे रुमालात गुंडाळून लाल भागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, तासा-दोन तासांनी पुन्हा. ‘बाळंतिणीला गार नको’ हे ऐकावं लागेलच. छातीवर बाहेरून लावलेल्या गारव्याने दूध आटत नाही आणि बाळाला सर्दीही होत नाही. सासूबाईंच्या समाधानासाठी पायांत मोजे घाला. पाजण्यापूर्वी दोन-तीन मिनिटं कोमट फडकं ठेवल्याने पान्हा लवकर फुटत असेल तर तेवढं चालेल, शेगडीचा शेक नको. तारेची किंवा घट्ट ब्रा काढा, पण आधार देणारी सैलसर कापडी ब्रा असू द्या. पालथं झोपू नका.

ताप-दुखण्यासाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दर आठ तासांनी, आणि पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, ही दोन्ही औषधं अंगावर पाजताना चालतात. आयबुप्रोफेन सूजही उतरवतं. पण गोळी घेण्याआधी पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे दोन्ही औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. त्यावर वेगळं पॅरासिटामॉल घेतलं तर मात्रा दुप्पट होते. सिझेरियननंतर डायक्लोफेनॅक चालू असेल तर आयबुप्रोफेन नको. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर आधी विचारा. आणि डेंग्यूची साथ असेल, अंग मोडून येत असेल, तर डॉक्टर बघेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लालसर भाग आणि बारीक कणकण एवढंच असतं तर चोवीस तास बर्फ, विश्रांती आणि गोळी करून बघायला सांगितलं असतं. तुम्हाला हुडहुडी आणि १०२ आहे, रात्रही उलटली आहे. आजच डॉक्टरकडे जा. तिथे लघवीची जळजळ, अंगावरून जाणाऱ्याला दुर्गंधी, ओटीपोटात दुखणं, टाक्यांतून पाणी येणं यांपैकी काहीही असेल तर न विचारता सांगा. बाळंतिणीचा प्रत्येक ताप स्तनाचा नसतो. संसर्ग असेल तर बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस या जंतूचा असतो आणि सेफॅलेक्सिन किंवा क्लॉक्सासिलिनच्या जातीचं अँटिबायोटिक दिलं जातं, साधारण दहा ते चौदा दिवस. ‘मी अंगावर पाजते’ हे वाक्य विसरू नका. घरात उरलेल्या पट्टीतल्या दोन-तीन गोळ्या घेऊन बघू नका. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडूही नका. दूध आटवण्याची गोळी कुणी सुचवली तर या दुखण्यासाठी ती लागत नाही, हे लक्षात ठेवून पुन्हा विचारा.

चक्कर, धाप, बरळणं, लघवी खूप कमी होणं, यातलं काही दिसलं तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

प्रश्न : पत्नीला वरच्यासारखाच त्रास झाला होता. आठ दिवस अँटिबायोटिक घेतलं, ताप गेला, पण लिंबाएवढी गाठ तिथेच आहे. वरची कातडी चकचकीत झालीय आणि मध्ये दाबलं की मऊ लागतं. औषध बदलून घ्यावं का? (सातारा)

उत्तर : मध्ये मऊ आणि वर चकचकीत म्हणजे पू साठला असण्याची दाट शक्यता. पुवाच्या पोकळीत औषध नीट पोचत नाही, म्हणून नुसतं औषध बदलून भागत नाही. आधी स्तनाची सोनोग्राफी करा, पू आहे का आणि किती, हे त्यात दिसतं. असेल तर जागा बधिर करून सुईने ओढून काढतात. पुन्हा भरला तर दोन-तीन वेळा करावं लागतं. मोठा असेल तर छोटा छेद घेऊन नळी ठेवतात. काढलेला पू कल्चरला पाठवायला सांगा, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू त्यात कळतात. दुसऱ्या बाजूने पाजणं चालूच राहतं. त्या बाजूनेही चालतं, मात्र छेद बाळाच्या तोंडाखाली येत नसावा. हे सर्जनला छेद घेण्याआधीच सांगायचं, नंतर नव्हे.

गाठीत पू निघाला नाही आणि दोन-तीन आठवड्यांत ती विरलीही नाही, तर तुकडा काढून तपासतात. क्वचित दूध साठून झालेली गाठ असते, क्वचित क्षयाची किंवा वेगळ्या दाहाची गाठ, फार क्वचित कर्करोग. पाजणाऱ्या बाईला कर्करोग होत नाही, असं धरून चालू नये.

प्रश्न : माझ्या बोंड्या आत गेलेल्या आहेत. बाळ धरायला जातं आणि रडतं. बाटली सुरू करू का? (मडगाव)

उत्तर : अजून नको. एक नवी १० किंवा २० मिलिलिटरची सिरिंज घ्या, बोंडी आत सहज मावेल अशी. सुई टाकून द्या. सुई लागते त्या बाजूचं टोक धारदार सुरीने सरळ कापा. दट्ट्या बाहेर काढून तो आता कापलेल्या बाजूने आत घाला. कारखान्यात बनलेली गुळगुळीत कड स्तनाला लागली पाहिजे, कापलेली नव्हे. लोक इथेच उलट करतात आणि कातडी कापून घेतात. कड बोंडीभोवती टेकवून दट्ट्या हळूच ओढा, दुखणार नाही इतकाच. तीस सेकंद ते मिनिटभर धरा, दट्ट्या जरा आत ढकलून ओढ सैल करा, मग काढा. प्रत्येक पाजण्याआधी दोन-चारदा. बोंडी बाहेर आली की लगेच बाळाला लावा. बाळ बोंडी नव्हे, तिच्यामागचा स्तन धरतं. म्हणून वर बार्शीच्या पत्राला दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर पंपाने स्तन पूर्ण रिकामे करते, कारण दूध राहिलं तर गाठ होते असं ऐकलंय. तरी छाती कायम कडक, पंधरा दिवसांत दोनदा गाठी झाल्या. फ्रीजर भरून गेलाय. (पुणे)

उत्तर : गाठी पंपामुळेच होत आहेत. स्तन म्हणजे टाकी नाही, तो पूर्ण रिकामा कधीच होत नाही. जितकं काढाल तितकं बनवायची ऑर्डर शरीराला जाते, आणि तुम्ही रोज एकाऐवजी दोन बाळांची ऑर्डर देता आहात. एकदम थांबलात तर मात्र तटतटून ताप येईल. दर तीन दिवसांनी एक पंपिंग कमी करा, उरलेल्यांची वेळ दोन-दोन मिनिटांनी घटवा. कपाचा आकारही बघा. बहुतेक पंपांसोबत २४ किंवा २८ मिलिमीटरचा कप येतो. आत बोंडी कडांना घासत असेल तर कप लहान आहे, काळसर भागही नळीत ओढला जात असेल तर मोठा. ओढ जास्त ठेवली म्हणून दूध जास्त येत नाही, सूज येते.

साठलेलं दूध डोळ्यांदेखत फेकवत नसेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात दुग्धपेढी आहे का विचारा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून ती चालते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हे दूध देतात. दात्या आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, त्यामुळे आधी फोन करूनच जा.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला आले आहे. तिचे स्तन दुधाने दगड झालेत. तिथली नर्स कोबीची पानं लावायला सांगते. मी डिंकाचे आणि मेथीचे लाडू, शतावरी कल्प सगळं आणलंय, ते द्यावं ना? (एक आजी)

उत्तर : कोबीचं पान चालेल. धुवून, मधला जाड दांडा काढून, फ्रीजमध्ये गार करून वीस मिनिटं ठेवा. चिरा असतील तर तेवढा भाग सोडून. त्यात जादू काही नाही, काम गारव्याचं आहे. बर्फ सांडतो, पान स्तनाच्या आकारात बसतं, एवढाच फरक.

डिंकाचा लाडू खाऊ म्हणून द्या. मेथी, अळीव, शतावरी हे दूध वाढावं म्हणून देतात आणि तिला या घडीला दूध कमी हवं आहे. छाती सैल होईपर्यंत तो डबा बंद ठेवा. काळसर भाग इतका ताणला असेल की बाळाला धरताच येत नाही, तर पाजण्याआधी लेकीने दोन्ही हातांची बोटं बोंडीला लागून भोवती ठेवावीत आणि सरळ छातीकडे मिनिटभर स्थिर दाबून धरावीत. चोळायचं नाही. सूज मागे सरते, बोंडीचा पाया मऊ होतो आणि बाळाला पकड मिळते.

प्रश्न : बोंडीच्या टोकावर मोहरीएवढा पांढरा ठिपका आलाय, टोचल्यासारखं दुखतं. सुई भाजून फोडू का? (नांदेड)

उत्तर : नको. आतल्या सुजेमुळे नळीच्या तोंडावर आलेला तो फोड आहे. फोडला तर व्रण धरतो आणि पुन्हा तिथेच येतो. खरवडूही नका. बर्फ, पकड सुधारणं, घट्ट कपडे टाळणं एवढ्याने बहुतेक वेळा जातो. आठवड्यात गेला नाही तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइडचं मलम लिहून देतात, ते पाजण्याआधी पुसून टाकायचं.